किल्ल्यातल्या चिमण्या आणि आपली मुलं

9 ऑगस्ट 1942 रोजी पहाटे मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांची धरपकड झाली आणि कार्यकारिणीच्या सदस्यांना आगगाडीने अहमदनगरला आणलं गेलं. पंडित नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव आणि काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद आपल्या किल्ल्यात अडीच वर्षांहून अधिक काळ कैदेत होते. नेहरूंनी इथे ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, हे जिल्ह्यातल्या शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. मौलानांनी इथेच लिहिलेल्या ‘गुबार-ए-खातिर’बद्दल मात्र आपण फारसं बोलत नाही. मित्र हबीबुर रहमान खान शेरवानी यांच्या नावे लिहिलेली, पण तुरुंगातून टपालात न पडलेली ही पत्रं 1946 साली पुस्तकरूपाने आली.

त्यातली मार्च 1943 ची दोन पत्रं चिमण्यांविषयी आहेत. मौलानांच्या खोलीच्या छतात चिमण्यांनी घरटी केली होती. दिवसभर काड्या-कचरा खाली पडायचा. मौलानांनी आधी त्यांना हुसकावून पाहिलं. चिमण्या हटल्या नाहीत, तेव्हा त्यांनी लढाई सोडून दोस्ती करायचं ठरवलं. जमिनीवर तांदळाचे दाणे टाकले आणि हालचाल न करता ते बसून राहिले. मग रोज दाणे थोडे थोडे जवळ घेत गेले. शेवटी चिमण्या त्यांच्या तळहातावर बसून दाणे टिपू लागल्या. ज्याची जशी ढब, तसं त्याला नाव मिळालं. कुणी मुल्ला, कुणी कलंदर, कुणी सूफी, तर एक चिमणी मोती.

यातच एका पिल्लाची हकिकत आहे. ते डोळे मिटून मलूल पडून राही. आई चारा आणी, त्याला हलवून जागं करी आणि पुन्हा पुन्हा उडायला उद्युक्त करी. पिल्लू काही हलेना. आणि मग एके दिवशी ते अचानक उडालं. मौलाना म्हणतात की पंख तर आधीपासूनच होते, पण आपल्याला पंख आहेत याची जाणीव त्याला नव्हती.

शिक्षक म्हणून मला या पत्रांत शिकवण्याची पद्धत दिसते. धाक नाही, घाई नाही. आधी भीती घालवायची, मग अंतर कमी करायचं, निरीक्षण करायचं, प्रत्येकाचा स्वभाव ओळखायचा. हाच माणूस 1947 मध्ये स्वतंत्र भारताचा पहिला शिक्षणमंत्री झाला.

स्वतः मौलाना कधी शाळेत गेले नाहीत, घरीच शिकले. बारा-तेराव्या वर्षीच पुस्तक घेऊन एखाद्या कोपऱ्यात जाऊन बसायची त्यांना सवय होती. तरी त्यांच्या बहिणीने सांगितलेली एक आठवण पाहा. लहानपणी ते घरातल्या पेट्या ओळीने लावून आगगाडी करायचे. वडिलांचा साफा डोक्यावर चढवून गाडीतून उतरायचे आणि बहिणींना सांगायचे, बाजूला व्हा, दिल्लीचे मौलाना आले आहेत! वक्तृत्वाची पहिली तालीम ही अशी खेळातच झाली.

आपल्या मोहल्ल्यातल्या मुलाचा दिवस आता कसा जातो? सकाळी मकतब, मग शाळा, संध्याकाळी ट्यूशन. तिन्हीकडे त्याने मांडी घालून गप्प बसायचं. खेळ म्हणजे वेळेची नासाडी, असं पालक सांगतात आणि काही जण त्याला दीनचाही आधार देतात. त्यांनी अबू उमैरची हदीस आठवावी. या लहानग्याकडे एक छोटा पक्षी होता. त्या पक्ष्याचं काय झालं, असं प्रेषित (स.) त्याला लाडाने विचारत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत ही हदीस आहे. 2020 चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं की मुलाच्या मेंदूचा 85 टक्क्यांहून अधिक विकास वयाच्या सहा वर्षांआधीच होतो. नेमकी तीच वर्षं आपण त्याला गप्प बसवण्यात घालवतो.

यासाठी पैसा लागत नाही. मुलाला वीस दाणे मोजून अंगणात टाकू द्या. थोड्या वेळाने किती उरले, ते त्यालाच सांगू द्या. वजाबाकी तिथेच होते. चिमण्यांना स्वभावावरून नावं ठेवायला सांगा. घरात चिडिया म्हणणारं मूल शाळेत चिमणी म्हणतं. दोन्ही शब्द त्याच्या तोंडी आले की दोन्ही भाषा त्याच्या होतात. करवंटीत मेथी किंवा धने पेरून रोपाची उंची रोज बोटाने मोजू द्या. किल्ल्यातल्या कैद्यांनीही आपल्या उजाड आवारात फुलझाडं लावली होती. नेहरू त्या बागकामात रमत. याच नेहरूंच्या पुढाकाराने 1956 मध्ये दिल्लीत बालभवन सुरू झालं, तेव्हा शिक्षणमंत्री मौलानाच होते.

11 नोव्हेंबर हा मौलानांचा जन्मदिवस राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. बहुतेक शाळांत फोटोला हार घालतात, भाषणं होतात आणि लहान मुलं रांगेत बसून कंटाळतात. यंदा पहिली-दुसरीच्या मुलांना त्या दिवशी भाषणातून सुटी द्या. मूठभर तांदूळ देऊन त्यांना तासभर मैदानात सोडा आणि वर्गात परतल्यावर काय पाहिलं ते त्यांच्याच शब्दांत सांगू द्या.