होन्या कोळी

रॉबिन हूडचें नांव सुशिक्षित घरांतील मुलांच्या कानीं लहानपणींच पडतें. शेरवुडचें अरण्य, धनिकांची लूट, गरिबांना दान, ही कथा सर्वांनाच प्रिय. मात्र तो वीर खरोखर होऊन गेला कीं नाहीं, हें आजवर कोणासहि ठामपणें सांगतां आलेलें नाहीं. पुणें जिल्ह्यांतील होन्या भागोजी केंगले याच्याविषयीं असा संशय घेण्यास जागा नाहीं. घोडेगांवाहून भीमाशंकराकडे जाणाऱ्या वाटेवर शिनोली लागते. तिच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या कुशींत जांभोरी हें त्याचें गांव. त्याच्या शिरावर सरकारनें किती रुपये लावले होते, तेंहि दप्तरांत नमूद आहे.

महादेव कोळी हे कांहीं मूळचे लुटारू नव्हेत. सह्याद्रीवरील गडकोटांची राखण पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे होती. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, गडांवरील शिबंदी मोडली आणि हातची चाकरी गेली. रामजी भांगरे व पुढें त्याचा पुत्र राघोजी यांनी बंडें केलीं. राघोजीस १८४८ सालीं ठाण्याच्या तुरुंगांत फांशी दिलें. बंड मोडलें, दारिद्र्य उरलें. नाचणी-वरईवर वर्ष निघेना, तेव्हां कोळी सावकाराच्या ओट्यावर जाई. खत लिहिणारा एक, अंगठा उठविणारा दुसरा! व्याज मुदलाच्या पुढें जाई. मग दिवाणी दावा, मग जप्ती.

१८७३ सालीं होन्यानें टोळी बांधून सावकारांवर हल्ले आरंभिले. कांहींना लुटलें, पुष्कळांचीं नाकें कापलीं. हें कृत्य क्रूर होतें, आणि लोकप्रिय वीराचें म्हणून तें झांकून ठेवण्याचें कारण नाहीं. पुढच्याच वर्षीं त्याला धरून देणारास एक हजार रुपयांचें बक्षीस जाहीर झालें, त्याच्या पाठीवर १७५ हत्यारबंद शिपाई सोडले. तरीहि १८७६ च्या जुलैपर्यंत तो हातीं लागला नाहीं. डोंगरांत त्यास भाकरी कोण देत होतें, हें वेगळें सांगावयास नको. अखेरीस पोलीस अधिकारी डॅनियल यानें त्यास पकडलें.

तोंवर व्हावयाचें तें होऊन गेलें होतें. भयानें सावकार डोंगरांतील गांवें सोडून पळाले आणि हें देशावरच्या कुणब्यांनीं पाहिलें. १२ मे १८७५ रोजीं भीमथडींतील सुपें येथें लोक सावकारांवर उठले. त्या दंग्यांत माणसांपेक्षां कागदांवर राग अधिक होता. खतें हिसकून जाळण्यांत आलीं. चौकशीसाठीं कमिशन बसलें आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्या दंग्यांच्या कारणांत कोळ्यांच्या हल्ल्यांची गणना सरकारी ग्रंथकारांनींच केलेली आहे.

१८८५ सालीं छापलेल्या पुणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत होन्या हा टोळीचा म्होरक्या म्हणून आला आहे. परंतु सावकार डोंगरी लोकांना नेहमीं फसवितात, छळतात आणि त्यांना गुन्ह्यास प्रवृत्त करितात, ही कबुलीहि त्याच ठिकाणीं आहे.