नंबर १००० म्हणजे नक्की कोण?

आजचा विषय वरवर रुक्ष वाटेल, पण तो आत्ता तुमच्या हातातच आहे. अँड्रॉइड फोनवर तुम्ही एखादं ॲप टाकता, तेव्हा फोन त्याला गुपचूप एक नंबर देतो, १०००० किंवा त्याच्या पुढचा. एका ॲपच्या खासगी फाईल दुसऱ्याला वाचता येत नाहीत, त्यात या नंबरचा मोठा वाटा आहे. ही पद्धत फोनवाल्यांनी शोधलेली नाही. ती आली युनिक्समधून, ज्याचं काम अमेरिकेतल्या बेल लॅब्समध्ये १९६९ साली सुरू झालं.

तेव्हाचा मामला सोपा होता. एक मोठा कॉम्प्युटर आणि त्याला टर्मिनल लावून बसलेली बरीच माणसं. प्रत्येक माणसाला एक नंबर, तो यूआयडी. प्रत्येक गटाला एक नंबर, तो जीआयडी. फाईलवर मालकाचं नाव नसतंच, फक्त नंबर असतो. नाव हवं असेल तर मशीन आपल्या वहीत बघून सांगतं. वही एकच, त्यामुळे घोळ नाही. आणि ज्याचा नंबर शून्य तो 'रूट', त्याला सगळीकडे मुभा.

मग १९८२ मध्ये कॅलिफोर्नियात सन मायक्रोसिस्टीम्स सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा, बरं का! सननं प्रत्येकाच्या टेबलावर स्वतंत्र युनिक्स मशीन आणलं. डिस्क महाग, म्हणून काही मशीनना स्वतःची डिस्कच नसायची. फाईल सगळ्या सर्व्हरवर. त्यासाठी १९८५ मध्ये आली एनएफएस, म्हणजे नेटवर्क फाईल सिस्टीम.

गोम इथेच आहे. तुमचं मशीन सर्व्हरला कळवायचं, "हा १०१ नंबरचा युजर, याला ही फाईल हवीय." सर्व्हर पासवर्ड विचारायचा नाही. त्याच्याकडे यादी असायची ती मशीनची, माणसांची नाही. मशीन ओळखीचं असलं की ते सांगेल तो नंबर खरा.

देवळाबाहेरचा चप्पल स्टँड आठवा. तुमच्याकडे ४७ नंबरचा बिल्ला आहे. त्याच स्टँडवर दाखवलात तर तुमच्याच चपला मिळतील. शेजारच्या स्टँडवर दाखवलात तर दुसऱ्याच कुणाच्या तरी कोल्हापुरी हातात येतील. बिल्ला खोटा नाही, स्टँड वेगळा आहे. आजही बहुतेक लिनक्स लॅपटॉपवर पहिल्या युजरला १००० हाच नंबर मिळतो. म्हणजे एका घरातले दोन लॅपटॉप अशा शेअरला जोडले, तर सर्व्हरच्या लेखी दोघं एकच माणूस!

यावर सनचा उपाय होता सगळ्या मशीनसाठी एकच वही. तिचं नाव यलो पेजेस. ते नाव ब्रिटिश टेलिकॉमचा ट्रेडमार्क निघालं, म्हणून बदलून एनआयएस केलं. शून्य नंबरवाल्याचाही बंदोबस्त झाला. दुसऱ्या मशीनचा रूट आला की सर्व्हर त्याला 'नोबडी' करतो, म्हणजे कुणीच नाही. लिनक्समध्ये या नोबडीचा नंबर सहसा ६५५३४ असतो.

पण एक भोक राहिलंच. स्वतःच्या मशीनवर मी रूट असेन, तर शून्य नंबर सोडून १०१ नंबरचा युजर बनायला मला कोण अडवणार? मग १०१च्या खासगी फाईल माझ्यासमोर उघड्या. मशीन मोजकी आणि एकाच ॲडमिनच्या ताब्यात होती, तोवर हे चाललं. प्रत्येकाकडे स्वतःचा पीसी आल्यावर तो भरवसा संपला. गटांची आणखी वेगळी गंमत. या पद्धतीत एका विनंतीबरोबर जास्तीत जास्त १६ जादा गट पाठवता येतात. सतराव्या गटाच्या हक्कानं मिळणारी फाईल मिळत नाही, आणि का मिळत नाही हे पटकन कळतही नाही.

डिसेंबर २००० मध्ये एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीचं पहिलं प्रमाणपत्रक आलं. तिथे फाईलचा मालक सांगताना नंबरऐवजी 'नाव ॲट डोमेन' आलं, ईमेलच्या पत्त्यासारखं. दोन्हीकडे डोमेन जुळलं नाही, तर मालक म्हणून पुन्हा नोबडी दिसतो. पण ही नावं मुख्यतः मालक दाखवायला आणि बदलायला. जुनीच ओळखपद्धत चालू ठेवली, तर आत कोणाला सोडायचं हे अजून नंबरवरच ठरतं! खरा पुरावा हवा असेल तर केर्बेरॉस लागतं, एमआयटीमध्ये १९८०च्या दशकात तयार झालेलं. तिथे माणूस आधी स्वतःला सिद्ध करतो, मग त्याला तिकीट मिळतं.

मला या इतिहासातून एवढंच दिसतं की एनएफएसच्या जुन्या पद्धतीत ओळख सांगणं आणि ओळख पटवणं या दोन गोष्टींची गल्लत झाली. बिल्ला हे सांगणं झालं. बिल्ला तुमचाच आहे हे कुणीतरी तपासायला हवं. म्हणून घरात किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये फाईल शेअर लावलीत, तर आधी प्रत्येक मशीनवर आपला नंबर बघा. टर्मिनलमध्ये 'आयडी' ही कमांड इंग्रजीत टाइप केली की तो दिसतो. दोघांचा सारखा निघाला, तर आपली डायरी तिथे ठेवू नका.

भेटू पुढच्या भागात!