नाताळचे उरलेले मांस कसे वापरावे?
अंधेरीतील मरोळ, बोरिवलीजवळील गोराई येथील ईस्ट इंडियन घरांत नाताळचे इंद्याल दुसऱ्या दिवशी अधिक रुचकर मानले जाते. त्यातील सिरका मांसात मुरतो. आम्लामुळे जिवाणूंची वाढही मंदावते. भाजलेल्या टर्कीला किंवा कोंबडीला मात्र हे कवच नसते. तिचे मांस हाडांपासून सोडवून २ तासांच्या आत उथळ डब्यात फ्रिजमध्ये ठेवावे व ३-४ दिवसांत संपवावे. कोरडे पडलेले तुकडे बॉटल मसाल्याच्या रश्श्यात घालून चांगली वाफ येईपर्यंत, म्हणजे ७० अंश सेल्सिअसच्या वर तापवावेत. मायक्रोवेव्हमध्ये अन्न सर्वत्र सारखे तापत नाही. मध्येच ढवळणे आवश्यक. लागेल तेवढेच गरम करावे. हाडे फेकण्याची घाई नको, त्यांच्या पाण्यात पुलाव उत्तम होतो.