उत्क्रांतीचा पाठ आणि धर्मकथा (शालेय शिक्षण, महाराष्ट्र)

सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळेत डार्विनच्या सिद्धांताऐवजी किंवा त्याच्या जोडीने सृष्टीची धार्मिक कथा शिकवावी काय, हा वाद. अमेरिकेत तो कोर्टात लढला गेला : टेनेसीतील स्कोप्स खटला (१९२५), लुइझियानाचा कायदा रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल (१९८७), पेनसिल्व्हेनियातील डोव्हर खटला (२००५). महाराष्ट्रात त्याची चाल निराळी. येथे डार्विनला दारातून क्वचितच हाकलतात; ‘हे तर आमच्याकडे आधीपासूनच होते’ म्हणत त्याला घरात घेतात.

त्यासाठी हाताशी असतो तो दशावतार. मत्स्य पाण्यातला, कूर्म उभयचर, वराह जमिनीवरचा, नरसिंह अर्धा पशू, वामन बुटका माणूस. ऐकायला ही माळ छान लागते. पण तिची डार्विनशी सांगड जुनी नव्हे. थिऑसफीच्या मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी ती १८७७ च्या ‘आयसिस अनव्हेल्ड’मध्ये मांडली. शिवाय कासव सरीसृप आहे, उभयचर नव्हे. आणि कूर्म काही मत्स्याचा वंशज नाही, प्रत्येक अवतार स्वतंत्रपणे खाली उतरतो. गंमत म्हणजे ‘उत्क्रांती’ हा शब्दही वेदान्तातलाच, तेथे त्याचा अर्थ प्राण देहातून निघून जाणे असा.

घटनेच्या अनुच्छेद २८(१) नुसार पूर्णतः राज्याच्या निधीतून चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे १९७६ पासून नागरिकाचे मूलभूत कर्तव्य आहे (५१क). तरीही जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह, म्हणजे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त, यांनी डार्विन चूक असून अभ्यासक्रम बदलावा असे सांगितले. माकडाचा माणूस होताना पूर्वजांपैकी कोणी पाहिले नाही, हा त्यांचा पुरावा. देशातील तीन विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून त्याला विरोध केला. सिंह यांच्याच खात्याचे मंत्री प्रकाश जावडेकर यांनी त्यांना अशी विधाने टाळायला सांगितले.

पाठ गळला तो मात्र अशा भाषणाने नव्हे. कोविडनंतर अभ्यासाचा भार हलका करायचा म्हणून एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांती वगळली. ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ या प्रकरणाचे नुसते ‘आनुवंशिकता’ झाले. एप्रिल २०२३ मध्ये १,८०० हून अधिक शास्त्रज्ञ, शिक्षक आणि विज्ञानप्रेमींनी त्याविरुद्ध खुले पत्र लिहिले. त्या जागी कोणतीही धर्मकथा घातलेली नव्हती. रिकामी जागा कोणी भरायची, हे घरावर सोडले गेले.

उदाहरणार्थ टिटवाळा : तेथे घर म्हणजे बहुधा महागणपतीच्या मंदिरापासून हाकेच्या अंतरावरचे. कल्याण-कसारा मार्गावरील हे गाव कल्याण-डोंबिवली महापालिकेत येते. दुष्यंताला शकुंतलेचा विसर पडला तेव्हा कण्वमुनींच्या सांगण्यावरून तिने या गणपतीची आराधना केली, अशी आख्यायिका. अंगारकीला आजी ही आख्यायिका नातवंडांना रांगेतच सांगते. ती ऐकून कोणाचा जीवशास्त्राचा पेपर बिघडत नाही. राज्य मंडळाच्या शाळेत जाणारा मुलगा दहावीच्या, २०१८ पासूनच्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग २’मध्ये पहिल्याच पाठात उत्क्रांती वाचतो : आंत्रपुच्छ, माकडहाड, अक्कलदाढ. कानाच्या निरुपयोगी स्नायूंपाशी आला की अख्खा वर्ग कान हलवून बघतो. त्याच गल्लीतून सीबीएसईला जाणाऱ्या त्याच्या मैत्रिणीच्या २०२३ च्या एनसीईआरटी पुस्तकात हे पान नव्हते. तिला ते बारावीत भेटणार होते, तेही जीवशास्त्र घेतले तर.