मूळ बांधणी आणि फेरबांधणी : वऱ्हाडातील जुन्या मालवाहू जीपगाड्यांची साधनचिकित्सा

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये मोटार वाहन नियमांत केलेल्या दुरुस्तीने ‘व्हिंटेज’ वाहन म्हणजे काय याची व्याख्या नियमांत घातली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून अधिक काळ लोटलेली, खासगी वापरातील, मूळ रूपात जतन केलेली आणि चॅसी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेली दुचाकी किंवा चारचाकी गाडी या व्याख्येत बसते. अशा गाडीला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो व तिची नोंदणी दहा वर्षांपुरती असते. त्याच वर्षी वाहने मोडीत काढणाऱ्या केंद्रांसंबंधीचे नियमही आले. हे दोन नियम शेजारी ठेवून वाचले म्हणजे असे दिसते की, एखादी जुनी गाडी राखावयाची की भंगारात घालावयाची, हा निर्णय पुष्कळ अंशी ‘मूळ’ या एका शब्दावर येऊन ठेपतो. आणि हा शब्द भारतीय मालवाहू गाडीच्या बाबतीत वाटतो तितका सरळ नाही.

उदाहरणादाखल जऊळका हे गाव घेता येईल. वाशीम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील हे गाव अकोला-पूर्णा लोहमार्गावर आहे. हा मार्ग मूळचा मीटरगेज. २००८ मध्ये त्याचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर झाले. गाव आपल्या जागी राहिले, परंतु त्यावरील शासन मात्र वारंवार बदलले. ब्रिटिश काळातील वाशीम जिल्हा १९०५ मध्ये अकोला जिल्ह्यात विलीन झाला. पुढे मध्यप्रांत व वऱ्हाड, १९५० पासून मध्य प्रदेश, १९५६ पासून द्वैभाषिक मुंबई राज्य आणि १९६० पासून महाराष्ट्र, अशी या भूभागाची राज्ये पालटत गेली. १ जुलै १९९८ रोजी वाशीम जिल्हा पुन्हा स्वतंत्र झाला. समजा, या गावात १९५० च्या आसपासची एखादी मालवाहू जीप एखाद्या गोठ्याच्या आडोशाला उभी आहे. गावाबाहेरचा मालक तिला एकदाही लाभला नाही असे धरले, तरी तिची कागदपत्रे तीन राज्यांच्या राजवटींतून गेलेली असणार. तिच्या नोंदणीत आज अकोल्याचा एमएच-३० किंवा वाशीमचा एमएच-३७ हा संकेत दिसला, तर त्यावरून गाडीचे वय ठरवता येत नाही. कारण ही पद्धतच १९८९ नंतरची आहे. क्रमांकाची पाटी हा गाडीवरील सर्वांत ठळक लेख खरा, पण कालनिर्णयाच्या दृष्टीने तो सर्वांत दुबळा पुरावा होय.

मोडी कागदाची चिकित्सा करणारा अभ्यासक प्रथम कागद, शाई व शिक्का पाहतो आणि मग मजकुराकडे वळतो. गाडीच्या बाबतीतही क्रम हाच असावा. परंतु त्याआधी एक प्रश्न सोडवावा लागतो. अमेरिकेतील संग्राहकाला ‘कारखान्यातून निघाली तशी’ या शब्दांचा अर्थ ठाऊक असतो, कारण तेथे गाडी एका कारखान्यातून पूर्ण होऊन बाहेर पडे. भारतात तसे नव्हते. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईस शिवडी येथे जुळणीचा कारखाना काढला. फोर्डची जुळणीही पुढे मुंबईत होऊ लागली. येथे गाड्या बनत नसत, परदेशातून पेट्यांत आलेले सुटे भाग जोडले जात. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज व फार्गो ट्रक जोडण्यास आरंभ केला. डॉज आणि फार्गो यांत नावाच्या पट्टीपलीकडे फारसा भेद नसल्याने, बॉनेटवर एक नाव आणि सुट्या भागांवर दुसरे नाव आढळले तर तो फेरफाराचा पुरावा ठरत नाही. १९४५ मध्ये स्थापन झालेल्या महिंद्र अँड मोहम्मद या कंपनीचे १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झाले आणि त्याच सुमारास तिने विलिस जीपची जुळणी मुंबईत माझगाव येथे सुरू केली. १९५३ च्या टॅरिफ कमिशनच्या अहवालानंतर केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना येथे राहणे अवघड झाले. जनरल मोटर्स व फोर्ड निघून गेल्या आणि राहिलेल्या कारखान्यांनी क्रमाक्रमाने देशी भाग वापरण्यास सुरुवात केली. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन जीपगाड्यांत, एकीत अमेरिकन छाप्याचे भाग अधिक व दुसरीत देशी छाप्याचे अधिक असले, तरी दोन्ही तितक्याच मूळ असू शकतात. देशी भाग दिसताच ‘बदललेली गाडी’ असा शेरा मारणे ही परक्या कसोटीची नक्कल होय.

याहून मोठी अडचण बॉडीची आहे. भारतात मोठे ट्रक बहुधा कारखान्यातून पूर्ण होऊन निघतच नसत. चॅसी, इंजिन आणि पुढचा दर्शनी पत्रा एवढेच गिऱ्हाइकाला मिळे. केबिन व हौदा तो आपल्या पसंतीच्या बॉडी-बिल्डरकडून बांधून घेई. सुताराने सागवानी चौकट उभी करावी, लोहाराने पट्ट्या माराव्यात आणि रंगाऱ्याने नाव घालावे, हीच त्या गाडीची जन्मकथा. अशा गाडीची लाकडी केबिन मूळ नाही असे म्हणणे म्हणजे घराचे छप्पर गवंड्याने घातले, वीटभट्टीवाल्याने नव्हे, म्हणून ते प्रक्षिप्त मानण्यासारखे आहे. येथे चिकित्सकाचा प्रश्न ‘बॉडी कारखान्याची आहे काय’ असा नसून ‘पहिल्या नोंदणीच्या वेळची आहे काय’ असा असला पाहिजे. टाटांच्या ट्रकवर एक सुलभ कालखूण सापडते. जमशेदपूरला १९५४ मध्ये सुरू झालेले डाइमलर-बेंझचे सहकार्य १९६९ मध्ये संपले आणि जाळीवरील तारा जाऊन तेथे ‘टी’ अक्षर आले. तारा उपटून ‘टी’ बसवणारे व उलट करणारेही होते. म्हणून खूण सुलभ असली तरी निर्णायक नव्हे.

जीपगाड्यांत मात्र निश्चित पुराव्याचे प्रमाण अधिक आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या बनल्या. त्या विलिस व फोर्ड या दोन कंपन्यांनी एकाच आराखड्यावर बनवल्या. युद्ध संपल्यावर भारतातील लष्करी साठ्याची विक्री झाली आणि ‘डिस्पोजलच्या’ गाड्या नागरी वापरात शिरल्या. युद्धकालीन जीप आणि नंतरची नागरी जीप यांची गफलत आजही सर्रास होते. युद्धकालीन गाडीच्या पत्र्याच्या जाळीत नऊ फटी असतात, नागरी गाडीच्या जाळीत सात. युद्धकालीन गाडीला मागचा फाळका नसतो. तिचे सुकाणू डावीकडे आणि वीजव्यवस्था सहा व्होल्टची. यातील जाळी काढून दुसरी बसवणे अर्ध्या दिवसाचे काम आहे. चॅसीचे तसे नाही. विलिसच्या चॅसीची अगदी पुढची आडवी तुळई नळीसारखी गोल असते, फोर्डची चौकोनी. फोर्डचा क्रमांक डाव्या तुळईच्या वरच्या अंगावर ठोकलेला असतो, तर विलिसचा क्रमांक पुढच्या बंपरामागे तुळईच्या आतील बाजूस रिव्हेट केलेल्या पट्टीवर असतो. ही पट्टी निघू शकते, हे वेगळे सांगावयास नको.

येथे एका ठिकाणी जाणकारही चुकतात. फोर्डने बनवलेल्या युद्धकालीन जीपचे चॅसी व इंजिन यांचे क्रमांक कारखान्यातच एकसारखे असत. विलिसचे मात्र आरंभापासून निराळे असत. ‘क्रमांक जुळत नाहीत, म्हणजे इंजिन बदलले’ हा नियम एका कंपनीच्या गाडीस लावला तर बरोबर आणि दुसरीस लावला तर सपशेल चूक. एखाद्या घराण्याच्या दप्तराची रीत दुसऱ्या घराण्याच्या कागदांना लावून त्यांना बनावट ठरवण्याच्या चुका इतिहाससंशोधनातही घडल्या आहेत. त्यांची जात हीच.

इंजिनाच्या प्रश्नात नोंदपुस्तकावर किती विसंबावे, हेही पाहिले पाहिजे. १९५३ मध्ये आलेल्या सीजे-३बी या नमुन्याचे बॉनेट आधीच्या जीपपेक्षा उंच आहे. त्याचे कारण सौंदर्याचे नसून यंत्राचे आहे. जुन्या इंजिनात दोन्ही झडपा ठोकळ्यात बाजूला असत. नव्यात हवा आत घेणारी झडप वरच्या भागात गेली आणि इंजिनाची उंची वाढली. हाच नमुना महिंद्रांनी भारतात दीर्घकाळ बनवला. परंतु दोन्ही इंजिनांचा व्यास व दट्ट्याची फेक सारखीच असल्याने घनक्षमता दोहोंची सुमारे २१९९ घनसेंटिमीटर इतकीच येते. नोंदपुस्तकात हा आकडा असला की इंजिन मूळचे, असा निष्कर्ष म्हणूनच काढता येत नाही. बॉनेटची उंची आणि झडपांची जागा एकमेकींशी जुळतात काय, हे झाकण उघडून पाहावे लागते.

१९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि ग्रामीण भागातील जीपगाड्यांत डिझेल इंजिने बसू लागली. कोणी सिम्पसन कंपनीने मद्रासेस बनवलेली पर्किन्स इंजिने बसवली, कोणी ट्रॅक्टरची. यात एक विलक्षण गुंता आहे. इंटरनॅशनल हार्वेस्टरच्या भागीदारीत भारतात बनू लागलेल्या बी-२७५ ट्रॅक्टरच्या इंजिनाचाच वंशज, सुमारे २३५० घनसेंटिमीटरचा, महिंद्रांनी पुढे आपल्या जीपमध्ये कारखान्यातच बसवला. म्हणजे ट्रॅक्टरकुळातील इंजिन असलेली जीप ही मिस्त्रीची करामतही असू शकते आणि कारखान्याची निर्मितीही. निवाडा इंजिन करीत नाही; ते ज्या आधारांवर बसले आहे ते आधार करतात. कारखान्यातील भोके साच्याने पाडलेली, काठाला स्वच्छ आणि दोन्ही तुळयांवर समान अंतरावर असतात. मिस्त्रीची भोके बहुधा गॅसने कापलेली, कडेला वितळलेल्या लोखंडाचे ओघळ असलेली आणि आधारपट्ट्या वेल्ड केलेल्या. याहून बोलका पुरावा म्हणजे रिकामी भोके : पेट्रोल इंजिनाचे आधार जेथे होते तेथे आज काहीच नाही, पण भोके राहिली आहेत. पट्टीखालचा रंग खरवडून पाहिला तर जोड रंगाच्या आधीचा की नंतरचा, हेही कळते.

लांबीविषयी थोडक्यात. सीजे-३बीच्या दोन्ही धुरांतील अंतर ८० इंच. महिंद्रांच्या सीजे-४ नमुन्याचे ९१ इंच. मालासाठी वा माणसांसाठी चॅसी कापून वाढवण्याची रीत सर्वत्र होती. मोजमाप कारखान्याच्या कोणत्याच आकड्याशी जुळले नाही तर तुळईवर आतून लावलेली ठिगळपट्टी शोधावी. वाशीम, मालेगाव, रिसोडच्या रस्त्यांवर पुढे धावलेल्या काळ्या-पिवळ्या जीपगाड्यांच्या मागच्या बाकांकडे पाहिले तर ही लांबी का हवी होती ते समजते.

फेरफाराची नोंद करण्याचे बंधन १९३९ च्या मोटार वाहन कायद्याच्या ३२ व्या कलमात होते व १९८८ च्या कायद्यात ते ५२ व्या कलमात आले. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये निर्मात्याच्या विनिर्देशांविरुद्ध फेरबदल चालणार नाहीत असा निर्णय दिला. तथापि ग्रामीण भागातील फेरबदल नेहमीच नोंदपुस्तकापर्यंत पोचले असे समजणे भाबडेपणाचे होईल. त्यातल्या त्यात उपयोगी रकाना रिकाम्या गाडीच्या वजनाचा. तो आकडा पहिल्या नोंदणीचा असतो आणि तो बदलण्याचे कोणाच्या सहसा मनात येत नाही. गाडी वजनकाट्यावर घातली आणि पुस्तकातील वजनापेक्षा दीडदोन क्विंटलने भरली, तर जड इंजिन, वाढवलेली चॅसी किंवा भक्कम हौदा यांपैकी काहीतरी नंतर आले आहे, एवढे निःसंशय म्हणता येते.

याउलट, दिसायला सर्वाधिक ‘मूळ’ गाड्या हल्ली सर्वाधिक संशयास्पद आहेत. हरियाणातील मंडी डबवाली हे गाव नव्या पत्र्याच्या जीपगाड्या बांधण्यासाठी प्रसिद्ध आहे; तेथे आणि अन्यत्र जुन्या क्रमांकाच्या चॅसीवर नवे अंग चढते. अशा गाडीला युद्धकालीन हिरवा रंग, नऊ फटींची जाळी आणि पांढरा तारा सगळे असते. नसतो तो पन्नास वर्षांचा गंज. जऊळक्याच्या गोठ्यातील ट्रॅक्टर-इंजिनाची, ठिगळ लावलेली मालवाहू जीप २०२१ च्या व्याख्येत बसणार नाही. आणि हिरवा रंग लावलेली गाडी, तपासनीस चॅसीखाली वाकला नाही तर, बसून जाईल.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना भांडारकर संस्थेच्या संपादकांनी प्रक्षिप्त भाग संहितेतून काढले, पण जाळले नाहीत. ते तळटीपांत व परिशिष्टांत क्रमांक देऊन छापले. जुन्या मालवाहू गाडीच्या वर्णनालाही हीच रीत शोभते. चॅसी, इंजिन, सुकाणू, धुरा, हौदा या प्रत्येक अंगाचा काळ स्वतंत्र रकान्यात लिहावा. पहिल्या नोंदणीच्या वेळचे काय आणि नंतरचे काय, ते दाखवावे. नंतरचे असेल तर ते वेल्ड, बोल्ट, वजन यांपैकी कोणत्या खुणेवरून ठरवले तेही नमूद करावे. गाडी भंगार-केंद्रात पोचल्यावर प्रथम चॅसीचा क्रमांक असलेला तुकडा कापून वेगळा काढतात, आणि मग तुळयांवरची रिकामी भोके मोजण्यास काहीच उरत नाही.