ताबा आणि भेट

आईबाप विभक्त झाले म्हणजे मूल कोणाजवळ राहावें, हा प्रश्न जुना आहे. परंतु ज्याच्याजवळ तें राहत नाहीं त्याला तें कोठें, केव्हां व कोणाच्या देखत भेटावें, हा प्रश्न त्या मानानें नवा आहे. पहिल्याचें उत्तर ताबा, दुसऱ्याचें भेट. ताब्याच्या मागून भेट किती मंद पावलांनीं आली, हें पाहण्याजोगें आहे.

इंग्लंडांत कॅरोलाइन नॉर्टन ही लेखिका १८३६ सालीं नवऱ्यापासून विभक्त झाली, तेव्हां तिचे तिन्ही मुलगे त्यानें आपल्या ताब्यांत ठेवले. मुलांवर सत्ता बापाची, असाच तेथील कायदा होता. तिनें लेखणी हातीं घेतली. आणि १८३९ सालीं पार्लमेंटानें सात वर्षांखालील मुलांचा ताबा व त्यांहून मोठ्यांची भेट आईस मागतां येईल असें ठरविलें.

आपल्याकडे १८९० च्या पालक व पाल्य कायद्यानें मुलाचें हित पाहण्याचें काम न्यायालयावर सोंपविलें. १९५५ च्या हिंदु विवाह कायद्यानें विवाहाच्या दाव्यांतच मुलांविषयीं हुकूम करण्याची मुभा दिली. १९५६ सालीं, पांच वर्षांखालील मूल सामान्यतः आईजवळ असावें, असें कायद्यांत आलें. मात्र भेटीची तपशीलवार व्यवस्था यांपैकीं एकांतही नाहीं. ती न्यायाधीशांच्या हुकुमांतून घडत गेली. २०२० सालीं सर्वोच्च न्यायालयानें आईबाप दोघांचेंही प्रेम मिळणें हा मुलाचाच हक्क मानला, तेव्हां विचाराचें तोंड खऱ्या अर्थानें फिरलें: भेट ही आईबापांवरील मेहेरबानी नसून मुलाचें देणें ठरली.

परंतु हक्कास जागा लागते. १९८४ च्या कायद्यान्वयें १९८९ सालीं पुणें व मुंबई येथें कुटुंब न्यायालयें निघालीं, समुपदेशक आले, आणि वांद्र्याच्या न्यायालयांत मुलांसाठीं वेगळें दालन झालें. इंग्लंडांत तर स्वयंसेवकांनीं सभागृहें उघडून भेटीचीं केंद्रें चालविलीं. तिसऱ्या माणसाची नजर हा आईबापांचा अपमान आहे, असें कित्येकांस वाटतें. पण जेथें मारहाणीचें अगर पळवून नेण्याचें भय आहे, तेथें ती नजर मुलाचें कवच होते. आणि जेथें भय नसून केवळ अबोला आहे, तेथें ती दोन घरांमधील सांकव ठरते.

आतां यवतमाळ जिल्ह्यांतील झरी जामणी तालुका घ्या. पैनगंगेच्या कांठचा, तेलंगणाच्या सीमेलगतचा हा मुलूख. दहा लाखांहून अधिक वस्तीच्या शहरासाठीं कुटुंब न्यायालय स्थापणें सरकारवर बंधनकारक आहे. इतरत्र तें सरकारच्या विचारावर अवलंबून. जेथें तें नाहीं तेथें पालकत्वाचे अर्ज जिल्हा न्यायालयाकडे जातात. मजुरीवर जगणाऱ्या बापानें तासाभराच्या भेटीसाठीं दिवसाची मजुरी व एस्. टी. चें भाडें खर्चावें, आणि पोरानें वकिलांच्या गर्दींत, बांकावर बसून त्याला ओळखावें! अशा चार खेपा झाल्या कीं पांचवी आपोआप चुकते. हुकूम कोणीं मोडला नाहीं. अंतरानेंच तो रद्द केला.

म्हणून तालुक्याच्या गांवींच, न्यायालयाच्या आवाराबाहेर, एक स्वच्छ खोली, थोडीं खेळणीं, आणि दोन्ही पक्षांस परका पण मुलास आपला वाटणारा एक जाणता मनुष्य असावा, तोही सुटीच्या दिवशीं. मागणी लहान आहे. नॉर्टनबाईच्या काळीं आईस कायदा आडवा येई. आज कायदा अनुकूल असूनही वाट आडवी येते. ती वाट आंखडती करणें हें आतां आपलें काम आहे. कारण बालपण तारखांसाठीं थांबत नाहीं.