बारा व्होल्टांचा दणका

रात्री सिग्नलला शेजारी एखादी गाडी येऊन उभी राहते. काचा वर असतात, गाण्याचे शब्द कळत नाहीत, नुसतं धप्‌… धप्‌. मागची नंबरप्लेट खडखडत असते. अशा वेळी मी हेडलाइटकडे बघतो. प्रत्येक ठोक्याला दिवा जरासा मिणमिणतो आणि पुन्हा सावरतो. डिक्कीतल्या सबवूफरच्या खोक्याची खरी कुळकथा या मिणमिणण्यात आहे. बाकीचे स्पीकरकडे बघतात, बघोत बापडे.

नावापुरतं सांगायचं तर कुत्र्याच्या जाड भुंकण्याला इंग्रजीत ‘वूफ’ म्हणतात, त्यावरून वूफर. चिवचिवणाऱ्या पाखरांवरून ट्वीटर. भुंकण्याच्याही खालचा स्वर काढतो तो सबवूफर. आपल्याकडच्या गॅरेजात त्याचा कधीच ‘बूफर’ झालाय.

गाडीतल्या आवाजाचा मूळपुरुष शोधायला शिकागोला जावं लागतं. पॉल गॅल्विन यांनी १९२८ मध्ये तिथे कंपनी काढली ती बॅटरी एलिमिनेटर बनवायला, म्हणजे घरातला बॅटरीवरचा रेडिओ भिंतीतल्या विजेवर चालवणारं यंत्र. बॅटरीची कटकट मिटवायला निघालेला हा माणूस १९३० मध्ये पुन्हा बॅटरीपाशीच आला. मंदीत धंदा बसला होता, म्हणून त्यांनी मोटारीत बसणारा रेडिओ तयार केला आणि आपल्या गाडीत लावून अटलांटिक सिटीच्या रेडिओ उत्पादकांच्या मेळाव्याबाहेर वाजवून दाखवला. नाव ठेवलं मोटोरोला. कर्जाच्या आशेने एका बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडीत तो बसवून दिला आणि थोड्याच वेळात त्या गाडीने पेट घेतला, अशी गोष्ट सांगतात. खरी असो वा रचलेली, वायरिंगच्या धंद्यात ती पटते.

अडचण अशी होती की रेडिओतल्या व्हॉल्व्हना दोनशेच्या आसपास व्होल्ट लागायचे आणि तेव्हाच्या गाडीची बॅटरी होती सहा व्होल्टांची. सुरुवातीला वेगळ्या जड बॅटऱ्या गाडीच्या फळ्यांखाली दडवाव्या लागत. मग व्हायब्रेटर आला. डबीएवढं यंत्र, आत पोलादाची पातळ पट्टी. ती सेकंदाला शंभराहून जास्त वेळा थरथरायची आणि बॅटरीच्या सरळ वाहणाऱ्या प्रवाहाचे तुकडे पाडायची. हे तुकडे ट्रान्सफॉर्मरमध्ये गेले की व्होल्टेज चढायचं. ट्रान्सफॉर्मरला सरळ प्रवाह चालत नाही, त्याला उलटसुलट झटकेच लागतात. रेडिओ लावला की डॅशबोर्डमागून येणारी बारीक गुणगुण या पट्टीची.

१९५५ मध्ये क्रायस्लर आणि फिल्को यांनी पूर्ण ट्रान्झिस्टरचा मोटार-रेडिओ आणला. ट्रान्झिस्टर थोडक्या व्होल्टांवर खूश असतो, त्यामुळे व्हायब्रेटरची गरज संपली. मधल्या काळात गाड्याही सहावरून बारा व्होल्टांवर आल्या. सगळं जुळलं असं वाटलं, आणि नेमकं तिथेच नव्याने अडलं.

बारा व्होल्टांतून आवाज किती निघणार? गाडी चालू असताना बॅटरीपाशी सुमारे १४.४ व्होल्ट असतात. चार ओहमच्या स्पीकरला दोन्ही टोकांनी आळीपाळीने ढकललं, तरी हिशेब २६ वॉटपाशी थांबतो, प्रत्यक्षात वीसेक. गायकाच्या गळ्याला तेवढं पुरतं, ढोलाला पुरत नाही. कारण आवाज तेवढाच ठेवून कंपनसंख्या निम्मी केली, की स्पीकरच्या पडद्याला चौपट अंतर पुढेमागे जावं लागतं. शिवाय खालच्या स्वरांना आपला कान मुळातच मठ्ठ.

घरच्या आणि थिएटरच्या आवाजात याच सुमारास खालच्या स्वरांची भूक वाढत होती. एडगर विल्चर यांनी १९५४ मध्ये हवाबंद खोक्यातल्या हवेचीच स्प्रिंग करून दाखवली आणि कपाटाएवढे स्पीकर शेल्फवर आले. खोकं किती मोठं हवं ते गणिताने सांगण्याची सोय पुढे नेव्हिल थील आणि रिचर्ड स्मॉल यांनी केली. आजही स्पीकरच्या कागदावर त्यांच्या नावाचे आकडे छापलेले असतात. १९७४ मध्ये ‘अर्थक्वेक’ या चित्रपटासाठी थिएटरांत अजस्र स्पीकर लावून प्रेक्षकांना खुर्चीत हादरवलं गेलं. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरात छताचा गिलावा डोक्यावर पडू नये म्हणून जाळी बांधली होती.

हा हादरा गाडीत कोंबायचा तर व्होल्ट पुन्हा चढवणं भाग होतं. सत्तरच्या दशकात ॲरिझोनातल्या जिम फॉसगेट यांच्यासारख्या कारागिरांनी मोटारीचे ताकदवान ॲम्प्लिफायर बनवायला घेतले. या ॲम्पच्या पोटात आधी एक पॉवर सप्लाय असतो: ट्रान्झिस्टर बॅटरीच्या प्रवाहाचे सेकंदाला हजारो तुकडे करतात, छोटा ट्रान्सफॉर्मर त्यांना तीसचाळीस व्होल्टांवर नेतो. म्हणजे व्हायब्रेटरच! हद्दपार केलेला आजोबा पोलादी पट्टी टाकून मागच्या दाराने घरात आला. मला या सगळ्या गोष्टीतलं हेच सर्वांत आवडतं.

पुढे ऐंशीच्या दशकात रोलँड टीआर-८०८ या ड्रम मशीनचा लांब घुमणारा ठोका मायामीच्या पोरांनी उचलला आणि गाडीची डिक्की हेच त्याचं देऊळ झालं. गाडीही मदत करते. ४० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेआठ मीटर. त्याहून कितीतरी आखूड बंद केबिनमध्ये ती पसरतच नाही, आतल्या हवेवर नुसता दाब पडतो आणि खालचे स्वर आपोआप फुगतात.

आपल्याकडे मारुती ८०० आली १९८३ च्या डिसेंबरात. आधी कॅसेट प्लेअर, मग मागच्या काचेखालचे अंडाकृती स्पीकर, मग डिक्कीत बास ट्यूब. हजार वॉटचा ॲम्प मन लावून वाजला तर नव्वदेक अँपियर ओढतो आणि छोट्या गाडीचा अल्टरनेटर असतो साठ-सत्तरचा. हेडलाइट मिणमिणतो तो इथे. त्यावर एक फॅरडचा चकचकीत कपॅसिटर विकतात. मी हिशेब केला: १४ वरून १२ व्होल्टांवर उतरेपर्यंत तो २६ ज्यूल देतो. हजार वॉटला ते सेकंदाचा चाळिसावा भाग पुरतात, म्हणजे ४० हर्ट्झच्या सुराचं जेमतेम एक आवर्तन. दुसऱ्याला पुन्हा अल्टरनेटरच्याच दारात.

माझ्या गाडीत ॲम्प आणि सबवूफर बसवण्याचं काम करून घेतलं ते हायवेलगतच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडून. अल्टरनेटरला तो ‘डायनामो’च म्हणतो. पहिल्यांदा त्याने बॅटरीची मायनस काढली. अंगठ्याएवढी लाल केबल, बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज. “हा ॲम्पसाठी नाही साहेब, वायरसाठी आहे. वायर कुठे घासली तर गाडी जळायला नको.” पॅकार्डची गोष्ट त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. लाल केबल गाडीच्या एका बाजूने, सिग्नलची वायर दुसऱ्या बाजूने; ॲम्पला जागं करणारी निळी बारीक वायर स्टिरिओच्या मागून.

किल्ली फिरवली. स्पीकरमधून ‘ऊं ऊं’ सुरू झालं, ॲक्सिलरेटर दाबला की सूर चढायचा. त्याने डिक्कीतला अर्थचा बोल्ट सोडला, खालचा रंग पॉलिश पेपरने लख्ख पत्रा दिसेपर्यंत घासला आणि पुन्हा आवळला. ऊं ऊं थांबलं.

“आता लावा काय लावायचंय ते,” म्हणून तो हात पुसायला फडकं शोधू लागला.